विश्लेषण : खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर श्वानांना ‘पीआरपी’ आणि स्टेम सेलचा किती उपयोग? आधी वजन, फरशी आणि फिजिओथेरपी का पाहावी?

कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईहून थेट अमेरिका गाठावी लागेल, असे कुणी सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. पण रतन टाटा यांनी तसे केले होते. आपल्या कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी त्यांनी त्याला मिनेसोटा विद्यापीठात नेले. मात्र तोवर उशीर झाला होता. सांधा बदलण्याऐवजी तो एका विशिष्ट स्थितीत कायमचा बसवावा लागला. हा अनुभव खुद्द टाटांनीच २०२४ मध्ये एका मुलाखतीत सांगितला होता. चांगले रुग्णालय इथेच असते तर काय करता आले असते, हा विचार तिथून सुरू झाला. पुढे १ जुलै २०२४ रोजी महालक्ष्मी येथे सुमारे ९८ हजार चौरस फुटांचे, १६५ कोटी रुपये खर्चाचे प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले.

आता मोठ्या शहरांतल्या श्वानमालकांसमोरचा प्रश्न थोडा पुढे सरकला आहे. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात आणि मग कागदावर नवी नावे येतात. पीआरपी, स्टेम सेल, लेझर, शॉकवेव्ह. या साऱ्याला एकत्रितपणे ‘रिजनरेटिव्ह थेरपी’ म्हटले जाते. शस्त्रक्रियेवर आधीच मोठा खर्च झालेला असतो. अशा वेळी ‘हे घेतले नाही तर ऑपरेशन वाया जाईल का?’ ही भीती स्वाभाविक आहे. मात्र या प्रश्नाचे उत्तर थेरपीच्या नावापेक्षा आधी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, यावर जास्त अवलंबून आहे.

हिप डिस्प्लेशिया म्हणजे नेमके काय?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘उखळीचा सांधा’ आठवत असेल. मांडीच्या हाडाचा वरचा टोकाचा गोळा कंबरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो, तोच हा खुब्याचा सांधा. हिप डिस्प्लेशियात हा गोळा वाटीत घट्ट बसत नाही. पिल्लू जन्मते तेव्हा खुबे बहुतेक वेळा ठीकच असतात. वाढीच्या काळात अस्थिबंध सैल राहतात, गोळा वाटीतून थोडा थोडा बाहेर सरकत राहतो आणि वाटी उथळच राहते.

पुढचे गणित साधे आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. कुत्र्याचे वजन तेवढेच, पण ते पेलणारा गोळा वाटीच्या कडेलाच टेकतो आहे. म्हणजे क्षेत्रफळ घटले, दाब वाढला. मग कडेची कूर्चा झिजते, सांध्यात दाह होतो, शरीर सांधा स्थिर करण्यासाठी कडेने नवे हाड घालू लागते आणि त्यातून संधिवात येतो.

या आजाराचे पहिले वर्णन अमेरिकी पशुवैद्यक गेरी श्नेल यांनी १९३५ मध्ये केले. तो एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा खेळ आहे, आणि त्यात वाढीच्या वयातला आहार व वजन यांची भर पडते. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड या मोठ्या जातींत तो अधिक. बहुतेक वेळा दोन्ही खुबे बिघडलेले असतात, भले लंगडणे एकाच पायात दिसो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाची आहे.

लक्षणे दोन वयांत दिसतात. पाच-सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या पिल्लांत सांध्याच्या सैलपणामुळे, तर मोठ्या वयात संधिवातामुळे. पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकणे, गाडीत उडी मारताना कचरणे, बसल्यावर उठायला वेळ लावणे. घरात ‘आळशी झालाय’ म्हणून यातल्या बऱ्याच गोष्टी सोडून दिल्या जातात.

शस्त्रक्रिया कोणत्या?

पहिली अगदी लहान पिल्लांसाठी. साधारण १२ ते २० आठवड्यांच्या वयात कंबरेच्या हाडाच्या खालच्या जोडातली वाढ थांबवतात, त्यामुळे पुढच्या वाढीत वाटी आपोआप गोळ्यावर झुकते. अडचण एवढीच, की या वयात पिल्लू लंगडत नसते, त्यामुळे कुणी तपासायलाच नेत नाही.

दुसरी वर्षाच्या आतल्या, संधिवात सुरू न झालेल्या कुत्र्यांसाठी. कंबरेचे हाड दोन किंवा तीन ठिकाणी कापून वाटी फिरवतात आणि प्लेट लावून पक्की करतात. तिसरी ‘एफएचओ’. यात मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची मान कापून काढून टाकतात. उरलेल्या जागेत स्नायू आणि तंतुमय ऊती मिळून एक खोटा सांधा तयार करतात. चौथी, संपूर्ण खुबा बदलणे. वाटीच्या जागी प्लास्टिकचे अस्तर असलेला कप, गोळ्याच्या जागी धातूचा गोळा आणि हाडात बसवलेली धातूची दांडी. सर्वांत महाग आणि सर्वांत कौशल्याची हीच. एफएचओ तुलनेने स्वस्त असल्याने भारतात तिच्याकडे कल असणे समजण्यासारखे आहे.

पीआरपी आणि स्टेम सेल : शरीरात नेमके काय टोचतात?

पीआरपी म्हणजे प्लेटलेट्सचे प्रमाण वाढवलेला रक्तद्रव. कुत्र्याचेच रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, प्लेटलेट्सचा थर वेगळा करतात आणि तो सांध्यात टोचतात. प्लेटलेट्स केवळ रक्त गोठवत नाहीत, जखम भरून येण्यासाठी लागणारी वाढीची प्रथिनेही सोडतात. कल्पना चांगली आहे. पण बाजारातली अनेक किट मुळात माणसाच्या रक्तासाठी बनलेली. पाच वेगवेगळ्या व्यावसायिक पद्धतींनी कुत्र्याच्या रक्तापासून केलेल्या पीआरपीची तुलना २०१५ मध्ये झाली, तेव्हा प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशींच्या प्रमाणात मोठी तफावत आढळली. म्हणजे बिलावर ‘पीआरपी’ एकच, सिरिंजमधला द्रव मात्र वेगवेगळा.

स्टेम सेल, म्हणजेच मूलपेशी, बहुतेक वेळा कुत्र्याच्याच चरबीतून घेतात. त्यासाठी भूल द्यावी लागते. चरबीतून पेशी वेगळ्या करून लगेच टोचतात किंवा प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवून मग टोचतात. या पेशी सांध्यात जाऊन नवी कूर्चा बनवतात, अशी समजूत सर्वत्र आहे. जाहिरातीतली चित्रेही तशीच. पण विज्ञान तिथून पुढे गेले आहे. ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये रूढ करणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे लिहिले, की हे नाव आता बदलायला हवे. या पेशी स्वतः नवी ऊती बनत नाहीत, तर आसपासच्या पेशींना रासायनिक संदेश देतात, दाह कमी करतात, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने बारसे केले, त्यानेच नाव मागे घ्यावे, असे विज्ञानात रोज घडत नाही. तेव्हा ‘रिजनरेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ, निदान कुत्र्याच्या खुब्यापुरता, ‘नवा सांधा उगवणे’ असा नाही. ‘दाह आणि वेदना काही काळ कमी होणे’ असा घेतला तर निराशा कमी होईल.

मग कोणत्या शस्त्रक्रियेनंतर याला अर्थ आहे?

संपूर्ण खुबा बदललेला असेल, तर त्या सांध्यात कूर्चाच उरलेली नाही. आत धातू आणि प्लास्टिक आहे. धातूला वाढीची प्रथिने देऊन काही होत नाही. उलट कृत्रिम सांध्यात विनाकारण सुई घालणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे. धातूच्या पृष्ठभागावर जंतूंचा थर बसला, की प्रतिजैविके तिथे नीट पोहोचत नाहीत आणि कधी कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. त्यामुळे बदललेल्या खुब्यातच स्टेम सेल टोचण्याचा सल्ला मिळाला, तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एफएचओनंतरची स्थिती वेगळी, पण निष्कर्ष तोच. गोळा काढून टाकल्यावर पुनर्निर्माण करायला सांधाच शिल्लक नसतो. जो खोटा सांधा बनायचा आहे, तो तंतुमय ऊतींचा. तो लवचिक बनतो की ताठर, हे ठरते पहिल्या काही आठवड्यांतल्या हालचालीवर. कुत्रा दुखते म्हणून पाय उचलून धरतो, घरचेही ‘बिचाऱ्याला आराम’ म्हणून त्याला पडू देतात, आणि ऊती आखडतात. इथे इंजेक्शनपेक्षा पुरेशी वेदनाशामके आणि रोज हाताने पाय पुढे-मागे करण्याचा व्यायाम जास्त काम करतो. बाकी शस्त्रक्रियांनंतर ‘हलू देऊ नका’ हा सल्ला असतो, एफएचओनंतर ‘हलवा’ हा. शेजारच्या कुत्र्याला मिळालेला सल्ला आपल्या कुत्र्यावर वापरण्यातला धोका तो हाच.

हाड फिरवून वाटी सुधारलेली असेल तर सांधा आणि कूर्चा शाबूत असतात. तिथे या उपचारांना तत्त्वतः जागा आहे. मात्र असे कुत्रे तरुण असतात. कापलेले हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत स्वतःहून जुळते.

मग खरी जागा कोणती? दुसरा खुबा. आजार सहसा दोन्हीकडे असतो, शस्त्रक्रिया मात्र एका वेळी एकाच बाजूची होते. बरे होण्याच्या काळात सारा भार त्या दुसऱ्या, आधीच झिजलेल्या सांध्यावर पडतो. तिथे कूर्चा अजून आहे, दाहही आहे. एका बाजूचा खुबा बदलल्यावर अनेक कुत्र्यांना दुसरी शस्त्रक्रिया लागतच नाही. तोवरचा काळ कमी वेदनेत जावा म्हणून पीआरपी किंवा स्टेम सेलचा विचार करणे तर्काला धरून आहे. वय, हृदयविकार किंवा खर्च यामुळे शस्त्रक्रिया शक्यच नसलेल्या कुत्र्यांबाबतही तसेच.

संशोधन काय सांगते?

संशोधन आहे, पण थोडे. २००७ मध्ये खुब्याच्या संधिवाताच्या २१ कुत्र्यांवर अमेरिकेत चाचणी झाली. कोणाला पेशी आणि कोणाला निव्वळ द्रव मिळाला, हे तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. पेशी मिळालेल्या कुत्र्यांचे लंगडणे अधिक कमी झाले. मात्र मोजमाप होते पशुवैद्यकांनी दिलेल्या गुणांचे आणि अभ्यासाच्या लेखकांत ही सेवा देणाऱ्या कंपनीचे लोकही होते. २०१४ मध्ये ३९ कुत्र्यांच्या अभ्यासात स्टेम सेल आणि प्लाझ्मा अशा दोन गटांची तुलना झाली. दोन्ही गट सुधारले, सहा महिन्यांनी स्टेम सेलचा गट पुढे होता. पण काहीच उपचार न घेतलेला गट त्यात नव्हता.

सर्वांत बोलका अभ्यास स्पेनमधला, तोही २०१४ चाच. तीव्र संधिवाताच्या दहा कुत्र्यांना फोर्स प्लेटवरून चालवण्यात आले. फोर्स प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेला संवेदक, प्रत्येक पाऊल किती बलाने टेकते ते तो मोजतो. त्याला कुत्र्याचे कौतुक नसते आणि बिलाची चिंताही नसते. स्टेम सेलनंतर पहिले तीन महिने पायावर घेतलेला भार वाढलेला दिसला. नंतर तो उतरत गेला आणि सहाव्या महिन्यात आकडे जवळपास मूळ पदावर आले.

आणि हे तिन्ही अभ्यास संधिवाताच्या कुत्र्यांवरचे आहेत, शस्त्रक्रियेतून बरे होणाऱ्या कुत्र्यांवरचे नाहीत. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावताना हा फरक सहज गाळला जातो.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये कुत्र्यांच्या संधिवातासाठी ‘डॉगस्टेम’ या औषधाला परवाना दिला. गंमत म्हणजे त्यातल्या पेशी घोड्याच्या नाळेतून घेतलेल्या आहेत. पण परवान्यातले शब्द पाहण्यासारखे आहेत. संधिवातातील वेदना आणि लंगडणे कमी करणे, एवढाच दावा त्यात मान्य झाला आहे. कूर्चा नव्याने तयार होण्याचा नाही.

कुत्र्याला कुठे ठाऊक, आपण काय टोचले?

‘प्लासिबो माणसांवर चालतो, कुत्र्यावर कसा चालेल?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कुत्र्यावर चालत नसेल, पण मालकावर चालतो. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात निव्वळ खोटे औषध मिळालेल्या ५८ कुत्र्यांची नोंद तपासली गेली. फोर्स प्लेटनुसार सुधारणा नसतानाही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना कुत्रा सुधारलेला वाटला. आणि पशुवैद्यकही या भ्रमाला अपवाद नव्हते. शिवाय संधिवाताचा त्रास मुळातच कमी-जास्त होत असतो. तो अगदी वाढतो तेव्हाच आपण दवाखाना गाठतो, त्यामुळे नंतर थोडे बरे वाटणारच असते.

आपल्याकडे एक वेगळी अडचण : गोचीड

परदेशी माहितीपत्रकांत क्वचितच सापडणारा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. भारतात कुत्र्यांना गोचीड ताप सर्रास होतो आणि त्यात प्लेटलेट्स घसरतात. वरून कुत्रा ठणठणीत दिसत असला, तरी हा आजार रक्तात दबा धरून बसलेला असू शकतो. ज्या रक्तात प्लेटलेट्सच कमी, त्यापासून केलेल्या पीआरपीचा उपयोग काय? म्हणून आधी रक्ताची संपूर्ण तपासणी हवी, आणि गरज असेल तर गोचीड तापाचीही. अंगात कुठे जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाची गाठ असेल तर हे उपचार टाळतात. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस सांधा जास्त दुखू शकतो, हेही आधी माहीत असलेले बरे.

लेझर आणि शॉकवेव्ह यांना सुईची गरज नाही आणि धोका कमी, म्हणून ते पटकन सुचवले जातात. शॉकवेव्हसाठी खुब्याच्या संधिवातात थोडा पुरावा आहे. तरी यातले काहीही पुढच्या गोष्टींच्या जागी चालणार नाही.

खरी पुनर्बांधणी कशाने होते?

स्नायूंनी. महिनोन्‌महिने लंगडलेल्या कुत्र्याची मांडी बारीक झालेली असते. ती भरण्यासाठी पाण्यातली ट्रेडमिल फार उपयोगी, मुंबई-पुण्यात काही ठिकाणी ती आता मिळते. पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराच्या वजनाच्या फक्त ३८ टक्के भार येतो. गुडघ्यापर्यंतच असेल तर ८५ टक्के. म्हणजे पाण्याची पातळी हाच इथला डोस आहे. टाक्यांची जखम पूर्ण भरल्याशिवाय मात्र पाण्यात उतरवायचे नाही.

त्यानंतर फरशी. फ्लॅटमधल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स खुबा बदललेल्या कुत्र्याच्या शत्रू आहेत, आणि पावसाळ्यात ओल्या पंजांनी तर विचारायलाच नको. पहिल्या दीड-दोन महिन्यांत एकदा पाय घसरून फाकला, तर नवा गोळा कपातून निखळू शकतो. रबरी मॅट, जुनी सतरंजी, वेळच्या वेळी कापलेली नखे, पंजामधले कातरलेले केस आणि पोटाखालून घातलेला टॉवेल. या साऱ्याचा खर्च एका इंजेक्शनपेक्षा कितीतरी कमी येतो.

आणि वजन. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात अर्ध्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, इतरांचे ११.२. संधिवातही त्यांच्यात उशिरा आला. २०१० च्या आणखी एका छोट्या अभ्यासात, लठ्ठ कुत्र्यांचे वजन जेमतेम सहा टक्के उतरले तेव्हाच लंगडण्यात फरक दिसू लागला. ३५ किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी हे झाले सुमारे दोन किलो. आजीने चहाबरोबर दिलेले बिस्कीट, पोळीचा तुकडा, रात्रीचा दहीभात, हे सगळे या हिशेबात धरायचे. घरातल्या घरात हा उपचार सर्वांत अवघड, कारण त्याला सगळ्यांची संमती लागते.

होकार देण्यापूर्वी काय विचाराल?

इंजेक्शन नेमके कोणत्या सांध्यात देणार, शस्त्रक्रिया झालेल्या की दुसऱ्या? पीआरपी कोणत्या पद्धतीने करणार, आणि ती कुत्र्याच्या रक्तावर तपासलेली आहे का? स्टेम सेल त्याच्याच की दुसऱ्या प्राण्याच्या, आणि त्यासाठी वेगळी भूल द्यावी लागेल का? परिणाम किती महिने अपेक्षित आहे, आणि उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवणार? शेवटच्या प्रश्नाला ‘तुम्हालाच जाणवेल’ असे उत्तर मिळाले, तर २०१२ चा अभ्यास आठवावा.

फोर्स प्लेट घरी नसते, पण मोबाइल असतो. उपचाराच्या आधी एका आठवड्यात तीनदा, त्याच गल्लीत, त्याच वेळी, पट्टा सैल ठेवून कुत्र्याचा चालतानाचा व्हिडीओ मागून आणि बाजूने घ्यावा. उपचारानंतर एक, तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा तसेच. मग तारखा झाकून ते व्हिडीओ उलटसुलट क्रमाने अशा माणसाला दाखवावेत, ज्याला कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठाऊक नाही. त्याने क्रम बरोबर लावला, तर पुढच्या इंजेक्शनबद्दल पशुवैद्यकांशी बोलायला हातात काहीतरी ठोस असेल.